रजेचे कागद

माझ्या शिक्षणाचा खर्च माझ्या थोरल्या भावाने केला. तो पलटणीत होता. दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला त्याची मनिऑर्डर वहिनीच्या नावाने पोलादपूरच्या पोस्टात यायची आणि पोस्टमन ती कापडे या आमच्या गावी घरी आणून द्यायचा. वहिनी अंगठा उठवायची, नोटा कपाळाला लावायची आणि आधी माझ्या फीचे पैसे बाजूला काढायची. तेल-मीठ, कापड, आईचे औषध हे सगळे त्यानंतर. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीपुढे गेले नव्हते. महाडला नुकतेच कॉलेज निघाले होते आणि त्या मनिऑर्डरीच्या जोरावर मी तिथे पहिल्या वर्षात होतो. हे आधी सांगतो, कारण पुढे ती मनिऑर्डरच आमच्या हातून गेली आणि ज्या कागदामुळे गेली त्यावर अक्षर माझे होते.

आमच्या भागात पलटणीत जाणे नवलाचे नव्हते. वाडीवाडीत दोन-तीन जण असायचेच. असा माणूस रजेवर आला की त्याने काय करायचे हेही ठरलेले होते. पोरांना गोळ्या, म्हाताऱ्यांना बाटलीतला घोट, आणि पंधरा दिवसांच्या आत घरी गोंधळ. देवीने माणूस सुखरूप परत आणला, तर तिचा गोंधळ घालायचा आणि सगळी वाडी जेवायला बोलवायची. ज्याने घातला नाही त्याच्याबद्दल बाया विहिरीवर म्हणायच्या, “पलटणीत जाऊन भांडीच घासतो की काय!” पण रजेवर येणाऱ्याच्या खिशात रोख थोडी असायची. त्याचे साठलेले पैसे पलटणीच्या खात्यात असत, आणि निघताना कारकुनाला सांगून ठेवले तरी ते घरी पोचायला महिना-दीड महिना लागायचा. गोंधळ तेवढा थांबत नसे.

या मधल्या दिवसांवर महाडातल्या एका माणसाचे दुकान चालत होते. एसटी स्टँडच्या समोर पत्र्याच्या ट्रंका, कांबळी, बुटांचे पॉलिश आणि खाकी मोजे विकणारे ते दुकान. मालक स्वतः पेन्शनीत निघालेला हवालदार होता. त्यामुळे सगळे त्याला हवालदारकाका म्हणत. सव्वीस जानेवारीला तो छातीवर पदके लावून शाळेच्या झेंड्याला सलामी देई. दुकानापुढे एक लांब बाक होते. रजेवर आलेला माणूस गाडीतून उतरला की त्या बाकावर टेकायचा, काका चहा सांगायचे, पलटणीच्या गप्पा निघायच्या, आणि उठेपर्यंत माणसाने शंभर-दोनशे रुपये घेतलेले असायचे. शंभराला आठवड्याचे पाच, पहिला आठवडा आधीच कापून. फेड रजेवरून परत जायच्या दिवशी.

आणि तारण म्हणून दोन कागद. एक रजेचा कागद, ज्यावर माणूस कधी सुटला आणि कधी हजर व्हायचा हे लिहिलेले असे. दुसरे परतीचे रेल्वे वॉरंट, जे दाखवले की सरकारच्या खर्चाने तिकीट मिळे. सोने नको, जमीन नको. या दोन कागदांशिवाय शिपाई पलटणीत परत जाऊ शकत नाही, हे काकांइतके कोणाला माहीत असणार?

चीनची लढाई झाली त्या वर्षी घटस्थापनेच्या सुमाराला भाऊ दोन महिन्यांच्या रजेवर आला. मी त्याला उतरवून घ्यायला स्टँडवर गेलो होतो. आम्ही दोघेही बाकावर बसलो. दोनशे रुपयांचे बोलणे झाले, आणि काकांनी हात पुढे केला.

“कागद इकडं दे. घरी कुठं ठेवणार? छप्पर गळतं, उंदीर असतात. माझ्याकडं पेटीत राहतील. जायच्या दिवशी घेऊन जा. मी काय परका आहे?”

“परकं कोण म्हणतंय काका,” भाऊ म्हणाला आणि त्याने कागद दिले.

“हा कोण? भाऊ? कॉलेजात?” काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. “अरे वा! मग लिहिणारा घरचाच की. बैस रे प्रोफेसर, तूच लिही. म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको, काकांनी काही भलतंच लिहिलं.”

मी लिहिले. काका सांगत गेले, मी टाक बुडवत गेलो. शाळेत अक्षरासाठी मला बक्षीस मिळाले होते, आणि एवढ्या मोठ्या माणसांचा व्यवहार माझ्या हाताने होतोय याचा मला अभिमान वाटला. काकांनी कागद लांब धरून पाहिला. “मोती! नुसते मोती!” ते म्हणाले आणि माझ्यासाठी साय घातलेला चहा मागवला.

गोंधळ चांगला झाला. भाऊ मग शेतावर उतरला. दोन वर्षांनी घरचा पुरुष कापणीला होता म्हणून आई शेजारणीला मुद्दाम हाका मारून कामाला बोलवत होती. दिवाळी तोंडावर आली होती, कॉलेजला सुट्टी होती आणि आम्ही सगळे खालच्या खाचरात भात कापत होतो, तेव्हा बांधावरून पोस्टमन येताना दिसला. मनिऑर्डरीची तारीख नव्हती. त्याच्या हातात तार होती.

तार म्हटली की मरण, एवढेच आमच्याकडे ठाऊक. आईने कोयता टाकला आणि ती ओरडलीच. भाऊ तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, “आये, मी हितं हाय ना? मग कोण मेलं?” तरी ती थांबेना. मी तार वाचली. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. भावाने हातातली पेंढी नीट बांधली, ती रांगेत ठेवली, आणि मग पहिल्यांदा म्हणाला, “आता काकांचं कसं करायचं रे?”

पलटणीतून यायचे पैसे अजून आले नव्हते, आणि रजाच रद्द झाल्यावर ते पुढे आलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे महाडला आलो. बाकावर आधीच चौघे बसले होते. कोणी ट्रंक घेऊन, कोणी वळकटी. चौघांनाही तार आली होती आणि चौघांचेही कागद पेटीत होते. दवाखान्यात नंबर लावून बसावे तसे ते बसले होते. त्यातला वरंधचा मिश्यावाला गडी एकटाच बोलत होता.

“काका, चिन्यांना एक पत्र टाका. म्हणावं, आमचे कागद पेटीत हायत, लढाई चार दिवस पुढं ढकला.”

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी कपाळावर अष्टगंध लावले होते आणि समोर पाच नारळ मांडून ठेवले होते.

“हसा,” ते म्हणाले. “पण तीनची पुण्याची गाडी हसण्यासाठी थांबणार नाही. आणि बिनकागदाचा जवान पुण्याच्या स्टेशनात शिरला की लाल टोपीवाले मिलिटरी पोलीस धरतात. मग कोठडी. नावापुढं भगोडा. असली फीत, तर तीही गेली.”

मिश्यावाल्याने आपले सामान पायाजवळ ओढले. माझ्या भावाच्या दंडावर एक फीत होती, लान्स नाईकची. तो तिच्याकडे पाहत नव्हता, तरी त्याचा हात तिच्यावर होता.

मग काकांनी तोड सांगितली. पैसे आज नसले तरी चालतील. नवा कागद करू. रक्कम दीडपट धरू, व्याज तेच चालू राहील, आणि सगळे फिटेपर्यंत घरी जाणारी महिन्याची मनिऑर्डर बायकोच्याच नावाने, पण दुकानाच्या पत्त्यावर येईल. पत्ता बदलायचे छापील फॉर्म त्यांच्या खणात तयार होते. बायकोने महिन्याला एकदा यायचे, पोस्टमनसमोर अंगठा उठवायचा, काका आपले कापून घेतील आणि उरलेले तिला देतील. “घरच्या बाईच्या हातात पैसे पडतात की नाही, हे मी स्वतः पाहीन,” काका म्हणाले. “तुम्ही तिकडं बिनघोर लढा.”

पुन्हा मला बसवले. “पाचही कागद तू लिही, प्रोफेसर. तुझ्या भावाचं एका आठवड्याचं व्याज सोडलं.”

मी टाक उचलला. भावाचा एक आठवडा सुटतोय, एवढाच विचार माझ्या मनात होता. शेवटच्या ओळीपाशी मात्र हात अडला. ओळ अशी होती, की जवानाचे काही बरेवाईट झाल्यास सरकारकडून येणाऱ्या रकमेतून हे देणे आधी चुकते केले जाईल.

“थांबलास का? शाई संपली?”

“काका, हे बरंवाईट...”

“अरे, नियमाचं वाक्य आहे ते. नियमाच्या वाक्यानं माणूस मरत नाही.”

मी ते वाक्य पाच वेळा लिहिले. भावाने सही केली, दोघांनी अंगठे उठवले, दोघांनी मोठ्या कष्टाने नावे काढली. प्रत्येकाला काकांनी टिळा लावला, हातात नारळ दिला आणि पेटीतून त्याचे कागद काढून दिले. तीनच्या गाडीला पाचही जण वरंधच्या घाटाने गेले. गाडी हलली तेव्हा काकांनी ताठ उभे राहून सलामी दिली. स्टँडवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पहिल्या महिन्याला वहिनी माझ्याबरोबर दुकानात आली. पोस्टमनने तिचे नाव वाचले, तिने अंगठा उठवला, आणि नोटा तिच्या हातात पडण्याआधीच काकांनी उठून, हात पुढे करून घेतल्या. त्यातला तिसरा हिस्सा तिच्यासमोर ठेवला. ती त्या नोटांकडे बराच वेळ पाहत राहिली.

“भावजी,” बाहेर आल्यावर तिने विचारले, “पोस्टमननं नाव माझंच घेतलं ना?”

“हो.”

“मग ते का उठले?”

मी तिला कागदात काय लिहिले आहे ते सांगितले. सगळे सांगितले नाही. बऱ्यावाईटाची ओळ गाळली.

फी भरायला मी एका पुस्तकांच्या दुकानात सकाळचे काम धरले. दुकानमालकांनी पुढे दोन वर्षे मला सांभाळून घेतले, त्यांचे उपकार मी विसरलो नाही. येता-जाता मला त्या बाकासमोरूनच जावे लागे. काका रोज हाक मारत.

“पत्र आलं का रे?”

पहिल्यांदा मला ते बरे वाटले. आईसुद्धा दर शनिवारी मी घरी गेलो की तेच विचारी, पण तिच्याहून काका जास्त आतुर असत. समोरच्या हॉटेलातले वर्तमानपत्र ते पेन्सिल घेऊन वाचत, पलटणींची नावे आली की खूण करत. लढाई थांबल्याची बातमी आली तरी त्यांचे विचारणे थांबले नाही. “तुझा भाऊ बर्फात आहे,” एकदा ते म्हणाले. “बर्फात निमोनिया फार. आईला सांग, देवीला काही नवस बोल म्हणावं.” मी घरी हे कौतुकाने सांगितले. वहिनी नाचणी पाखडत होती. तिने सूप थांबवले नाही.

“गुरांचा दलाल पण गुरांची लय काळजी घेतो, भावजी.”

त्या दिवसापासून मला त्या बाकासमोरून जाताना मानेच्या मागे कोणीतरी बोट ठेवल्यासारखे वाटू लागले. काका पत्राबद्दल विचारत तेव्हा पेटीतला कागद मला दिसे, माझ्याच अक्षरातला. भाऊ जगला तर दर महिना त्यांचा, आणि नाही जगला तर शेवटची ओळ त्यांची.

चौथ्या महिन्याला वहिनी गेली नाही. शनिवारी मी घरी पोचलो तेव्हा ती खाचरात पसरलेल्या पाल्याच्या राबाला आग लावून, धुरात डोळे पुसत उभी होती.

“काका विचारतायत,” मी म्हटले. “मनिऑर्डर येऊन पडलीय.”

“पडू दे. अंगठा माझ्या हाताला हाय. त्यांच्या नाय.”

“असं करू नको गो,” आई म्हणाली. “माझ्या पोराच्या जीवावर येईल.”

“मी आईसारखंच म्हणतो, वहिनी,” मी म्हणालो. “थोडे महिने राहिलेत.”

“किती?”

कॉलेजात शिकत असूनही मी तो हिशेब कधी केला नव्हता. त्या धुरात उभ्याने केला, काडीने मातीत. ती महिन्याला जेवढे देत होती, त्यात वाढते व्याजही पुरते फिटत नव्हते.

आठ दिवसांनी काका स्वतः कापड्याला आले. ओटीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले, आईची विचारपूस केली. आवाज जराही चढवला नाही.

“सूनबाई, मी पलटणीत एक ओळ टाकायचा अवकाश. जवानानं सरकारी वॉरंट गहाण ठेवलं म्हणून. फीत जाते त्याला. मला तसं करायचं नाही.”

वहिनी दाराच्या आत उभी होती. “कुणाकडं ठेवलं, ते पण लिवाल ना?”

काका हसले. तांब्या हळूच खाली ठेवला, चप्पल घातली आणि गेले. जाताना अंगणातल्या माझ्या धाकट्या पुतण्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बापासारखा दिसतो.” आई त्या दिवशी पोराला घराबाहेर जाऊ देईना.

त्यानंतर अडीच महिने मनिऑर्डर नाही, पत्र नाही. पैसे घेणारी बाई आली नाही म्हणून पोस्टाने रक्कम परत पाठवली होती. आम्ही नाचणी आणि उसन्या मिठावर होतो. शेवटी पोलादपूरहून एक लखोटा आला, भावाचा नव्हे, पलटणीच्या कचेरीचा. मनिऑर्डर का परत आली, पुढे कुठल्या पत्त्यावर पाठवायची आणि पत्ता कोणाच्या सांगण्यावरून बदलला होता, याचा खुलासा मागितला होता.

मी टाक-दौत घेऊन बसलो. मी दोन वाक्ये सुचवली. वहिनी आजारी होती, म्हणून महाडला जाता आले नाही. पुढची मनिऑर्डर घरच्या पत्त्यावर पाठवावी.

“पत्ता कुणी बदलला, ते विचारलंय ना?”

“विचारलंय.”

“मग खरं लिवा.”

“वहिनी, दादाची फीत जाईल.”

ती चुलीपाशी बसली होती. तिने लाकूड आत सारले. मग म्हणाली, “आजारी म्हणून लिवलंत, तर म्होरल्या महिन्याला काका दुसरा फॉर्म काढतील. तिसरा काढतील. लिवा तुम्ही.”

मी लिहिले. पेटी, बाक, वॉरंट, दीडपट. आई उठून परड्यात गेली आणि सांजेपर्यंत आत आली नाही.

पुढच्या महिन्यापासून मनिऑर्डर पुन्हा पोलादपूरला येऊ लागली. थोडी कमी झाली होती. भावाचेही पत्र आले. त्यात सगळ्यांची खुशाली विचारली होती, भात किती झाले विचारले होते, रागाचा एक शब्द नव्हता. फक्त पाठवणाऱ्याच्या पत्त्यात नावाआधी लान्स नाईक लिहिलेले असायचे, तिथे शिपाई होते. मी ते आईला वाचून दाखवले नाही. वहिनीने पाकीट हातात घेतले, जणू वाचता येते अशी त्यावरून नजर फिरवली आणि मला विचारले, “गेली ना?” मी मान हलवली.

काकांनी आमच्यामागे लागणे सोडून दिले. कचेरीकडून त्यांना काही विचारणा झाली की नाही, मला कळले नाही. दुकान चालूच होते, बाकही भरलेले असे. मला मात्र ते अजून हाक मारत. “काय प्रोफेसर, एक कागद लिहायचाय, येतोस?” मी मान खाली घालून जायचो.

भाऊ रजेवर आला तो सव्वा वर्षाने. यावेळी तो बाकावर टेकला नाही, गोंधळही घातला नाही. बाया विहिरीवर जे बोलायचे ते बोलल्या. दुसऱ्या दिवशी ओटीवर दाढी करता करता त्याने मला सांगितले, “साहेबानं मला काय विचारलं माहीत हाय? म्हणाला, गाढवा, हातात तार होती ना? पुण्याच्या स्टेशनात मिलिटरीचं ऑफिस हाय. तार दाखवली असतीस तर दुसरं वॉरंट अर्ध्या तासात मिळालं असतं.” त्याने वस्तरा पुसला. “पाच जण होतो. पाचांच्या हातात तार होती. आणि तू शिकलेला.”

त्याने वाटीतले पाणी अंगणात ओतले.

“बाकीचे चार कागद अजून काकांकडं हायत. वरंधचा तो मिशीवाला माझ्याच कंपनीत हाय. त्याच्या घरी जाऊ. तू वाचून दाखव, काय लिवलं होतंस ते.”

आम्ही वरंधला गेलो. भावाकडे अंगात घालण्याजोगा चांगला सदरा एकच होता, पलटणीचा. दंडावर जिथे फीत होती तिथे कापड बाकीच्यापेक्षा गडद राहिले होते, आणि टाके उसवल्याची भोके दिसत होती.

मिश्यावाल्याची बायको आमच्या वहिनीच्याच वयाची होती. इस्तरी केल्यासारखे घडीचे लुगडे नेसून, पोराला कडेवर घेऊन ती बाहेर निघतच होती. आम्हाला पाहून थांबली. भावाने सगळे सांगितले. मी त्या कागदातली वाक्ये म्हणून दाखवली. जवळ कागद नव्हता, पण लागला नाही. शेवटची ओळही या वेळी गाळली नाही. तिचा पोराच्या पाठीवरून फिरणारा हात थांबला.

“हे तुमीच लिवलंत?” तिने मला विचारले.

“हो.”

ती भावाच्या दंडाकडे पाहत होती.

“भावजी, तिथं काय होतं?”

“फीत होती.”

“याच्यापायी गेली?”

“हा. पण पैसं घरी येतात आता. साहेब चांगला हाय, तुमी नुसतं...”

“आमचे धनी औंदा नाईक व्हायचे हायत,” ती म्हणाली. “पत्रात लिवलंय त्यांनी. तुमी आलात, बरं केलंत. पण आमचं हाय तसं राहू दे. ह्यातलं त्यांना काय लिवू नका, तुमच्या पाया पडते.”

तिने आत जाऊन आम्हाला गुळाचा चहा करून दिला. कप धुऊन पालथे घातले. मग आमच्याबरोबरच रस्त्यावर येऊन गाडीची वाट पाहत उभी राहिली. तारीख बारा होती. गाडीत ती पुढे बसली, आम्ही मागे. महाडला उतरल्यावर तिने पोराचे नाक पदराने पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रस्ता ओलांडून ती दुकानाकडे गेली. काकांनी तिला बाकावर जागा करून दिली.